ताईचा पोशाख, माझी कात्री

३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, मनात काही साठवून ठेवू नका, रक्तदाब त्यानेच वाढतो. माझ्या मनात काहीही साठलेलं नाही. पण वही आणलीच आहे, तर लिहिते.

ताईकडे जेवायला गेलो होतो. तिची मुलगी, आमची छकुली, २३ मार्चला लग्न करते आहे. वय एकोणतीस, ऑफिसात हाताखाली अकरा माणसं, तरी घरात छकुलीच. सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या, संध्याकाळी हॉलवर जेवण, बाकी थाट नको म्हणाली. एकच हट्ट. पोशाख घरातला हवा. आजीने घातलेला, मग आईने घातलेला, मग ताईने घातलेला तो रेशमी पोशाख. फक्त जरा मॉडर्न करून. बुटीकवालीला विचारलं तर ती म्हणाली, मे महिन्याच्या आत हातसुद्धा लावू शकत नाही. ताईचा चेहरा उतरला. आणि मी म्हणाले, मी करते.

हे सूप पिताना ठसकले.

चौतीस वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते, हे मला आज जेवताना कळलं.

४ फेब्रुवारी

हकीकत नोंदवून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की मी उगीच डूख धरला.

चौतीस वर्षांपूर्वीचा रविवार. दुपारचे चार. आईची खोली. ताई पोशाख घालून आरशासमोर उभी. आई गुडघ्यांवर बसून तिच्या कमरेला टाचण्या लावतेय. पलंगावर आत्या आणि मोठी काकू. मी दारात, हातात चहाचा ट्रे. मी इतकंच म्हणाले, किती छान आहे. ताईने आरशातूनच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, तुला नाही गं होणार हा. आत्या हसली. काकू हसली. आई हसली नाही, पण ते तोंडात टाचण्या होत्या म्हणून.

त्यानंतर चारच महिन्यांनी माझं लग्न झालं. करड्या रंगाच्या कोट-स्कर्टमध्ये. फोटोत मी मुलाखतीला आल्यासारखी दिसते, आणि हे मुलाखत घेणाऱ्यासारखे.

राग नाही. पण परतफेड करायची.

प्लॅन असा. ताईला त्या पोशाखातलं जे जे प्रिय, ते ते कात्रीखाली. उंच गळा: त्यामुळे तिची मान किती लांब दिसत होती हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. जाणार. मनगटापर्यंतच्या लेसच्या बाह्या. जाणार. मागे फरफटणारा घोळ. तो तर पहिला जाणार. आणि हे सगळं तिच्याच मुलीच्या सांगण्यावरून, म्हणजे तिला ब्रसुद्धा काढता येणार नाही. शेवटी २३ तारखेला, हॉलमध्ये, चार माणसांत, छकुली त्या पोशाखात झकास दिसत असताना, मी ताईजवळ जाऊन हळूच म्हणणार, ताई, तुला नाही गं होणार हा.

आंघोळ करताना दोनदा म्हणून बघितलं. 'गं'वर जरा जास्त जोर येतोय. सरावाने बसेल.

८ फेब्रुवारी

पोशाख आला. ताईने स्वतः आणला, जुन्या मऊ चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा धरून. रिक्षातही मांडीवर घेऊन बसली होती म्हणे. सूचना दिल्या: जास्त कापू नकोस. घाई करू नकोस. अडलं तर बुटीकवालीला फोन कर, ती सांगेल. मी हो हो म्हणत होते. दारात चपला घालता घालता वळली आणि विचारलं, तुला जमेल ना गं?

तोच 'गं'. चौतीस वर्षांत जरासुद्धा बदललेला नाही.

माझी पात्रता इथे लिहून ठेवते, कारण घरात कोणाला तिची आठवण नाही. तीन महिन्यांचा शिवणवर्ग. पैकी दोन महिने पूर्ण. झबली, उशांचे अभ्रे आणि एप्रन यांत अख्ख्या वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

छकुलीच्या मागण्या: लांबी गुडघ्यापर्यंत, बाही कोपरापर्यंत, गळा मोकळा, आणि खिसे. नवरीला खिसे कशाला, असं ताईने विचारलं. तर म्हणाली, मग फोन काय दातांत धरू? पोर माझ्या बाजूची आहे, फक्त तिला अजून ते माहीत नाही.

उद्या पहाटे साडेपाचला उठून कामाला सुरुवात.

१२ फेब्रुवारी

उद्या पहाटे साडेपाचला सुरुवात.

मशीनला तेल दिलं. थोडं जास्त झालं. हे त्या खोलीत जाताना भिंत धरून जातात. नाटकीपणा नुसता.

१४ फेब्रुवारी

आधी उसवायचं. कमरेला आईने ताईसाठी घातलेले चार टक्स आहेत, म्हणजे कापड चिमटून मारलेल्या शिवणी, कमर बारीक दिसावी म्हणून. ब्लेड घेऊन एकेक टाका तोडत गेले. इतकं बरं वाटलं की काय सांगू. मधेच रक्तदाब मोजला. एकशे वीस-ऐंशी! डॉक्टरांना सांगितलं पाहिजे की बाकीच्या गोळ्या बंद करा, रोज एक टक्स लिहून द्या.

ताजा कलम, संध्याकाळी. एक किरकोळ गोष्ट. पोशाख इतक्या वर्षांत पिवळा पडलेला आहे. टक्सच्या आत दडलेलं कापड मात्र पांढरंशुभ्र राहिलं. त्यामुळे पोटावर आता चार पांढरे पट्टे आले आहेत. हे म्हणाले, झेब्रा क्रॉसिंग. मी म्हणाले, मॉडर्न यालाच म्हणतात. मान डोलावून बाहेर गेले. समजलं असावं.

१५ फेब्रुवारी, दुपार

पोशाख घालून बघितला. हौस म्हणून नाही. कापड अंगावर कसं पडतं ते कारागिराला कळलं पाहिजे. शिवाय टक्स निघाल्यावर आता तो कोणालाही होईल.

डोक्यातून खाली घेतला. हात बाह्यांत गेले. खांद्यांपर्यंत आला आणि थांबला. पाठीवरची बटणं आधी सोडायची असतात, हे तेव्हा लक्षात आलं. सव्वीस बटणं आहेत. हात वर, डोकं आत, समोर सगळं पिवळट. हे बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. मी हाक मारणार नव्हते. वीस-पंचवीस मिनिटं तशीच उभी राहिले. मग मारली.

जाहिराती लागल्यावर आले. काही विचारलं नाही, हे त्यांचं मला आवडतं. खालून धरला आणि वर ओढला. मुंढ्याजवळ, म्हणजे बाही खांद्याला जोडलेली असते तिथे, टर्रकन आवाज झाला. आधी उजवीकडे. मग डावीकडे. पोशाख त्यांच्या हातात आणि दोन्ही बाह्या माझ्या हातांवर.

जुनं रेशीम, सांभाळून न ठेवलेलं. ताईच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून इथे नोंद करते. तसंही बाह्या जाणारच होत्या.

यांनी मॅच पुन्हा लावली. थोड्या वेळाने बाहेरूनच विचारलं, चहा करू का? मला दया आवडत नाही. पण चहा घेतला.

१८ फेब्रुवारी

पट्ट्यांवर उपाय सापडला. एका व्हिडिओत एक बाई कापड चहाच्या पाण्यात बुडवते, आणि सगळीकडे एकसारखा सुंदर जुनाट रंग येतो. तिने रुमाल बुडवला होता. पण तत्त्व तेच.

टबभर गरम पाणी, पाव किलो चहा. यांनी दारातून डोकावून विचारलं, कोण कोण येणार आहे?

१९ फेब्रुवारी

रेशमाने चहा थोडा घेतला. लेसने भरपूर. अस्तराने उरलेला सगळा, आणि वर ते आटलं. बाहेरचं कापड होतं तेवढंच राहिलं, त्यामुळे पोशाख आता जागोजागी फुगून बसला आहे. पट्टे गेले नाहीत. पण पांढरे होते ते बिस्किटी झाले. प्रगती आहे.

ताईचा मेसेज: कुठवर आलं? मी लिहिलं: रंगाचं काम संपलं. तिचा लगेच दुसरा मेसेज: रंगाचं काम होतं का? उत्तर दिलं नाही. या बाईला जन्मात कधी विश्वास टाकता आला नाही.

२३ फेब्रुवारी

छकुली मापं द्यायला येते म्हणाली होती. मी सांगितलं, तू ऑफिस सांभाळ, मावशी नजरेने माप घेते. ती म्हणाली, मावशी, खरंच नजरेने? मी म्हणाले, तुला मी जन्मल्यापासून बघतेय.

आज घोळ कापला. मागचा सगळा. कात्री रेशमातून जाताना जो आवाज होतो तो चौतीस वर्षं कोणीतरी माझ्यासाठी राखून ठेवला होता, असं वाटलं. ताई हा घोळ सावरत जिन्यावरून उतरली होती तेव्हा मी तिच्या मागे, त्याचं टोक धरून. टोक धरायला मला ठेवलं होतं. धरलं. आता सोडलं.

या कापडातून नव्या बाह्या. बाहीचा कागदी ड्राफ्ट स्वतः काढला. एका झटक्यात.

२४ फेब्रुवारी

बाह्या कापून झाल्या. फारच सुरेख. कोपरापर्यंत, खाली किंचित घेर.

सायंकाळी जोडताना लक्षात आलं की दोन्ही डाव्या आहेत.

बाहीला पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा असतो. एक बाही कापली की दुसरीला ड्राफ्ट उलटा करून ठेवायचा असतो. हे वर्गात तिसऱ्या महिन्यात शिकवतात. तिसऱ्या महिन्यात मला वर्ग सोडावा लागला. का सोडावा लागला? कारण ताईच्या बाळंतपणात मदतीला कोणीतरी हवं होतं. तेव्हा कोण झालं होतं? छकुली. म्हणजे दोन डाव्या बाह्यांची जबाबदारी शेवटी कोणाकडे जाते ते वेगळं सांगायला नको.

२६ फेब्रुवारी

डावी उजवीकडे लावून बघितली. बसते. फक्त हात पुढे करून ठेवावा लागतो. नवरीचा हात बहुतेक वेळ पुढेच असतो, पुष्पगुच्छ धरायला.

२ मार्च

नाही बसत.

तिसरी बाही पुढच्या घेरातून काढली. त्यामुळे पुढून लांबी गुडघ्याच्या वर गेली. मागून अजून पोटरीपर्यंत आहे. अशी फॅशन आहे हल्ली, मी फोटो बघितलेत. तिसरी बाही उजवी आली, पण ती अस्तराच्या बाजूने. म्हणजे बाहेरून कापडाची उलटी बाजू दिसते. चहामुळे फारसा फरक कळत नाही. हे चष्मा लावून बघायला लागले तेव्हा मी दिवा बंद केला.

५ मार्च

यांच्याशी भांडण. म्हणजे मी बोलले. हे बसले होते.

मी म्हणाले, त्या वेळी पोशाख मला दिला असता तर आज ही पाळी आली नसती. तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, दिला होता की. मी म्हणाले, कोणी? म्हणाले, आईंनी. आपल्या लग्नाच्या आधी महिनाभर. आईंनी कपाटातून काढून माझ्यासमोर पलंगावर ठेवला, म्हणाल्या, टक्स उसवून तुझ्या मापाचा करून देते, दोन दिवसांचं काम आहे. आणि तू म्हणालीस, ताईच्या अंगावरचं उतरलेलं मला नको. त्या घडी घालून उठल्या. मी चहा पीत होतो, बिस्किट चहात पडलं होतं, म्हणून लक्षात आहे.

यांची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती. डॉक्टरांना सांगायला हवं.

आई तसं काही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर मला आठवलं असतं. मला सगळं आठवतं. ट्रेमध्ये किती कप होते तेसुद्धा.

९ मार्च

पहिलं फिटिंग. छकुली ऑफिसमधून परस्पर आली. घातला. आरशात बघितलं. मग हात वर करायला गेली तर हात कानापर्यंतच गेला. खाली बसायला गेली तर पाठीची चार बटणं उडाली, एक यांच्या चहाच्या कपात. मग म्हणाली, मावशी, तू किती मेहनत घेतलीस.

एवढ्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलत नाही. ऑफिसात कोणाला काढायचं असेल तर असंच बोलत असणार.

मी म्हणाले, अजून दोन आठवडे आहेत, हा कच्चा धावदोरा आहे. ती म्हणाली, हो ना. मी विचारलं, आणि खिसे? म्हणाली, खिसे राहू दे. तीच म्हणाली होती खिसे, खिसे.

जाताना तिला बजावलं, आईला काही सांगू नकोस, सरप्राइज आहे. ती म्हणाली, हो, ते तर आहेच.

१३ मार्च

नवा निर्णय. वरचा भाग पूर्ण काढायचा. फक्त स्कर्ट ठेवायचा, वर छकुलीने काहीही घालावं. मोठे डिझायनर असंच करतात. गळा कापून वेगळा केला. ताईचा तो लाडका उंच गळा. हातात घेऊन बघितला. त्यात आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, आईच्या हातचे बारीक टाके. आईचे टाके मी ओळखते, तिची सुई जरा तिरकी जायची.

काम पुढे सरकलं नाही. मशीनने दोरा खाल्ला.

१५ मार्च

स्कर्टच्या कळ्या, म्हणजे घेराचे उभे तुकडे, वेगळ्या केल्या, पट्टे मागच्या बाजूला घ्यायचे म्हणून. आठ कळ्या. पुन्हा जोडताना क्रम लागेना. खडूने आकडे घालायचे राहिले होते. दोनदा जोडल्या, दोनदा उसवल्या. कडा विरून चालल्यात.

छकुलीचा मेसेज आला. लिहिते, मावशी, टेन्शन घेऊ नकोस, मी आज जेवणाच्या सुट्टीत पांढरा पँट-कोट घेतला, मस्त बसलाय. शेवटी दोन लाल बदाम.

जेवणाच्या सुट्टीत. एका तासात.

मग लक्षात आलं की हरकत नाही. नीट विचार केला तर माझा प्लॅन यशस्वी झाला आहे. ताईला प्रिय होतं ते सगळं कात्रीखाली गेलं. एकही गोष्ट राहिली नाही. आता फक्त तिने ते बघायचं आहे.

१७ मार्च, रविवार

ताई आली. मीच बोलावलं. सरळ खोलीत नेलं. पलंगावर सगळं मांडून ठेवलं होतं, कळ्या, गळा, बाह्या, अस्तर, बटणांची पट्टी. चादर सारखी करून, नीट एकाशेजारी एक. मी दाराशी उभी राहिले, तिचा चेहरा बरोबर दिसेल अशा जागी.

चेहरा पडला. मला हवा होता तसा. आधी तोंड जरा उघडलं, मग मिटलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि बटणांची पट्टी उचलून मांडीवर घेतली. एकेका बटणावरून अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, ही आईने रेशमाने मढवली होती, सगळी, एका आठवड्यात. डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पदराला न पुसता हाताने पुसलं, कापडावर पडू नये म्हणून हात खाली धरला.

अपेक्षित आनंद झाला नाही. कदाचित उद्या होईल.

मग ती म्हणाली, चुकलं माझं.

चौतीस वर्षं! मी श्वास रोखून धरला. तर म्हणाली, एवढं मोठं काम तुझ्या अंगावर टाकायला नको होतं, तुझा रक्तदाब, तुझे डोळे, मला कळायला हवं होतं.

मी ओरडलेच. म्हणाले, त्याबद्दल नाही! सगळं सांगितलं. रविवार, दुपारचे चार, आरसा, टाचण्या, ट्रे, आत्या, काकू, तिचं ते वाक्य. शब्द न् शब्द. ती ऐकत होती. कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती, ते मला दिसत होतं. मग म्हणाली, मला नाही गं आठवत. म्हणाले असेन. मला त्या दिवशी श्वास घेता येत नव्हता, एवढंच आठवतंय.

एवढंच. चौतीस वर्षं मी जे वाक्य सांभाळलं ते जिने म्हटलं तिच्याकडे नाहीच. तिने ते तिथल्या तिथे, त्याच खोलीत टाकलं होतं, आणि मी उचलून घरी आणलं.

माझं २३ तारखेचं वाक्य तोंडाशी आलं होतं. कोणाला म्हणणार?

मग तिने विचारलं, तुला एवढा हवा होता? मग मागितला का नाहीस? आई तर म्हणाली होती, तुला नकोच आहे.

बाहेरच्या खोलीत हे खोकले.

मी म्हणाले, चहा टाकते.

२३ मार्च

लग्न झालं. छकुली पांढऱ्या पँट-कोटात फारच छान दिसली. मला हे लिहावं लागतंय. खिशात हात घालून सह्यांच्या टेबलापाशी उभी होती.

हॉलमध्ये पोशाखाबद्दल विचारणारे बरेच भेटले. प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायच्या आत ताई पुढे. म्हणायची, कापडच संपलं होतं हो, हात लावला की फाटत होतं, आमच्या हिने फार जीव टाकला, दुसरी कोणी असती तर पहिल्याच दिवशी परत दिला असता. आणि माझ्या पाठीवर हात. सहा जणांना सांगितलं तिने हे. सहाच्या सहा वेळा खोटं, नजर न चुकवता.

मला वाचवायचा तिला अधिकार कोणी दिला? घरी येताना रिक्षात मी तेच म्हणत होते. हे म्हणाले, आईसक्रीम बरं होतं.

२५ मार्च, सोमवार, दुपारी चार

पलंगावरचे तुकडे गोळा करून ताईकडे पोचवायला गेले होते. तिने पिशवी उघडून बघितली आणि माझ्याच हातात परत दिली. म्हणाली, छकुलीला आता नको, मी ठेवून काय करू? तुला हवा होता ना, तूच ठेव. खोचकपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं. अगदी मनापासून म्हणाली.

आई म्हणाली होती तसं. पलंगावर ठेवून. दोन दिवसांचं काम आहे म्हणाली होती. मी नको म्हणाले. यांचं बिस्किट चहात पडलं होतं, तेही मला आता दिसतंय.

तर पोशाख माझा झाला. अठरा तुकडे आहेत. दार लावून घेतलं आणि आरशासमोर उभी राहिले. गळा गळ्याशी धरला, एका हाताने. दुसऱ्या हाताने कमरेशी एक कळी धरली. बाकीचे सोळा तुकडे पिशवीतच राहिले.

यांना हाक मारावी का, असा विचार करत बराच वेळ तशीच उभी होते.